न वाजलेली घंटा

तिला सगळे वावटळ म्हणायचे, आणि हे नाव ठेवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. शिडी चढताना एक पायरी गाळायची, समोरच्याचं वाक्य निम्म्यावर असतानाच उत्तर देऊन मोकळं व्हायचं, चहा निवेपर्यंत थांबायचं नाही आणि जीभ पोळली की चहा करणाऱ्यालाच बोल लावायचे, असा सगळा कारभार. तिचा थोरला भाऊ म्हणायचा, ही जन्मालासुद्धा दिवस भरायच्या आत आली, आईला तयारीला वेळच दिला नाही.

हा भाऊ, म्हणजे दादा, अगदी दुसरं टोक. तो बूट घालायला बसला की शेजाऱ्यांचा पेपर वाचून व्हायचा. आई-वडील लवकर गेले तेव्हा धाकटीला वाढवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. ते त्यानं न चिडता, न बोलता, सावकाश पार पाडलं. तो तिची वेणी घालायला बसला की शाळेला उशीर ठरलेला. ‘आटप ना दादा’ हे तिनं आयुष्यात जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा दुसरं काहीही म्हटलं नसेल. बिचाऱ्यानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर द्यायला हवं होतं, पण तो त्याचा स्वभाव.

रेडिओ सुरू केल्यावर तापायला वेळ लागायचा, त्या काळातली ही गोष्ट. वावटळ एका लहानशा कारखान्यात कामाला होती. तिथे चोर पकडणारी यंत्रं बनायची. म्हणजे पकडायची नाहीत, चोर आला हे ओरडून सांगायची. दुकानाच्या काचेवर कडेकडेनं धातूची पातळ पट्टी चिकटवायची आणि तिच्यातून वीज खेळती ठेवायची. काच फुटली की पट्टी तुटते, पट्टी तुटली की वीज थांबते आणि घंटा बोंबलते. दाराला लोहचुंबक लावायचं, दार उघडलं की तसंच. ही सगळी बसवायची कामं वावटळीची. तिनं लावलेली पट्टी इतकी सरळ असायची, की दुकानदार ती नक्षी समजून गिऱ्हाइकांना दाखवायचे.

कारखान्याचे मालक मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं. त्यांनी दोन डब्या बनवल्या. एक डबी माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, अगदी बारीक आवाज खोलीभर सोडत राहणार आणि दुसरी तो परत येताना ऐकत राहणार. खोलीत सगळं स्तब्ध असेल तर आवाज गेला तसा परत येतो. काही हललं की त्यात फरक पडतो, आणि तो फरक ओळखून दुसरी डबी घंटा वाजवते. चोरानं काच फोडली नाही, दाराला हात लावला नाही, तरी नुसता चालला की सापडलाच. कारखान्याच्या मागच्या खोलीत ते पहिल्यांदा वाजलं, तेव्हा मालकांनी वावटळीच्या हातात पेढा द्यावा तसा स्क्रूड्रायव्हर दिला आणि म्हणाले, ‘आता हे बसवायचं कुठे ते शोध.’

जागा दादानंच मिळवून दिली. समुद्रप्रवासाच्या जुन्या वस्तूंचं एक संग्रहालय होतं, नकाशे, दुर्बिणी, होकायंत्रं असलं सगळं. दादा तिथे बरीच वर्षं रखवालदार. तिथल्या साहेबांना तो म्हणाला, ‘माझ्या बहिणीच्या कारखान्याचं यंत्र आहे. चांगलं असणार.’ एवढ्या शब्दावर काम मिळालं.

यंत्र बसलं आणि डोकेदुखी सुरू झाली. दालनात भिंतीच्या जाळीतून गरम हवा यायची, त्यानं खिडक्यांचे पडदे हलके हलके डुलायचे, आणि घंटा ठणाणा करायची. पोलीस धावत यायचे तर आत पडदे. असं वरचेवर व्हायला लागलं, तेव्हा एका हवालदारानं दादाला विचारलं, ‘बेड्या पडद्याला घालू की जाळीला?’ शेवटी मालक स्वतः आले. त्यांनी यंत्राच्या पोटातला एक स्क्रू फिरवला. सावकाश हलणाऱ्या गोष्टींकडे यंत्रानं लक्ष देऊ नये, अशी ती सोय होती. मग ठरल्याप्रमाणे चालून बघायचं काम झालं. ही त्या धंद्यातली रीतच. बसवणाऱ्यानं खोलीत फिरायचं आणि दुसऱ्यानं यंत्राचा दिवा पाहायचा. वावटळ फिरली. ती फिरणार म्हणजे कशी, ते सांगायला नको. दुसरं पाऊल पडायच्या आत दिवा लागला. या कोपऱ्यातून लागला, त्या कोपऱ्यातून लागला. काम पास झालं, आणि ती शिडी खांद्यावर टाकून पुढच्या दुकानाकडे पळाली.

त्यांच्या कारखान्यात सगळेच असे चालून बघत. पुढची कामं खोळंबलेली असायची, सावकाश चालायला सवड कुणाला होती?

काही महिन्यांनी संग्रहालयातलं सोन्याचं होकायंत्र नाहीसं झालं. कपाटाचं कुलूप शिताफीनं उघडलेलं. काच शाबूत, दारं शाबूत, खिडक्यांवरच्या पट्ट्या शाबूत, आणि घंटा वाजलेलीच नाही. दादा रात्रभर बाहेरच्या खोलीत जागा होता. सकाळी त्यानं नेहमीप्रमाणे किल्ली फिरवून यंत्र बंद केलं, दारं-खिडक्या तपासल्या आणि लोकांना आत सोडलं. कपाटांमध्ये पाहण्याचं काम तिथल्या कारकुनाचं. तो आला तोवर अर्धी सकाळ उलटून गेली होती आणि पुष्कळ माणसं येऊन गेली होती.

फौजदारांनी कारखान्यातून माणूस बोलावला. वावटळ गेली. फौजदार शांत होते, चष्मा पुसत पुसत विचारत होते.

‘हे यंत्र चालू असताना या दालनात कुणी…’

‘माशीसुद्धा नाही,’ ती म्हणाली. ‘मी स्वतः चालून बघितलंय.’

‘मग ते वाजलं नाही, याचा अर्थ?’

‘कुणीतरी बंद केलं असणार. किल्लीशिवाय बंद होत नाही ते.’

‘किल्ल्या किती आहेत?’

तिनं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दुसरी किल्ली बँकेच्या तिजोरीत होती, हे तिला माहीत होतं. पहिली जिच्या खिशात असायची ती व्यक्ती दाराशी उभी होती. दादानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्याला हाक मारावी आणि तो ओळख न देता पुढे जावा, तेव्हा आपण पाहतो तसं.

आणि खरं तेच सांगायचं तर त्या दिवशी ती दादाशी एक अक्षर न बोलता स्वतःच्या घरी गेली. यंत्रावर तिचा इतका विश्वास, की संध्याकाळपर्यंत तिच्या मनात तोच एक विचार होता, दादानं असं का केलं असेल? ज्यानं तिला लहानाचं मोठं केलं त्याच्यावर तिनं संशय घेतला, आणि स्क्रूनं बांधलेल्या दोन डब्यांवर घेतला नाही. याबद्दल मला तिचा अजूनही राग येतो. पण दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आल्यावर ती थेट मालकांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, हेही तितकंच खरं.

‘यंत्र चालू असताना कुणी आत फिरू शकतं का?’

मालक बराच वेळ हातातली तार सोलत राहिले. ‘कागदावर, शकतं,’ ते म्हणाले. ‘तो स्क्रू मी फिरवला ना. पडद्याइतकं हळू जर कुणी हललं, तर यंत्र त्याला पडदाच समजेल. पण इतकं हळू चालणार कोण? दालन ओलांडायला अर्धा दिवस लागेल. माणसाचा पाय तेवढा धीर धरत नाही.’

‘संध्याकाळी बंद होण्याआधी कुणी आत लपून बसला, तर त्याला रात्रभर वेळ आहे. सकाळी लोक आले की त्यांच्यात मिसळून बाहेर.’

‘आहे,’ मालक म्हणाले. ‘पण हे तू सिद्ध करणार कसं?’

‘चालून.’

‘तू?’ मालकांना हसू आवरलं नाही. मग त्यांचं हसू मावळलं. ‘हे तू लोकांसमोर दाखवलंस, तर आपलं यंत्र उद्या कोण घेईल?’

‘नाही दाखवलं तर दादा तुरुंगात जाईल.’

मालकांनी तार खाली ठेवली. माणूस सरळ होता. काम सुटल्यावर मागच्या खोलीत यंत्र लावून द्यायचं त्यांनी कबूल केलं, तसाच स्क्रू, तितकाच फिरवलेला. घंटेच्या जागी नुसता लाल दिवा.

मग सुरू झाली ती नुसती फजिती. वावटळ पाय उचलायची, दिवा लागायचा. अर्धा पाय उचलायची, दिवा लागायचा. पाय आवरला तर हात हलायचा, हात आवरला तर वेणी. वेणीवरून दिवा लागला त्या दिवशी तिनं कात्री घेतली आणि वेणीच मानेपासून कापून टाकली. मालक म्हणाले, ‘अगं, नुसती बांधली असतीस तरी चाललं असतं.’ तोवर वेणी टेबलावर पडली होती. रोज संध्याकाळी ती कंबर कसून उभी राहायची आणि रोज दिवा तिला वेडावून दाखवायचा. तिच्या पोटऱ्यांना गोळे यायचे. पण हार मानायची असते हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

एव्हाना फौजदारांनी दादाला कामावरून घरी बसवायला लावलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात खटला कोर्टात उभा करणार असं कानावर आलं. तेव्हा तिनं शेवटी तो रस्ता धरला, जो पहिल्या दिवशीच धरायला हवा होता. दादाच्या घराचा.

दार वहिनीनं उघडलं. उघडलं म्हणजे फटीएवढंच.

‘काय शोधायला आलीस आता? माशी?’

‘वहिनी, बोल. हवं ते बोल. पण मला आत येऊ दे.’

वहिनीची नजर तिच्या कापलेल्या केसांवर गेली. ‘जेवतोय तो,’ ती म्हणाली आणि बाजूला झाली. ‘म्हणजे बस आता तासभर.’

ती बसली. दादा जेवला, उठला, हात पुसले, समोर येऊन बसला. तिनं सगळं सांगितलं, स्क्रू, पडदा, दिवा.

‘मला हळू चालायला शिकव,’ ती म्हणाली.

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी खिडकीबाहेर पाहत होती.

‘मीच चालून दाखवलं तर?’ त्यानं विचारलं.

‘तू चाललास तर फौजदार म्हणतील, बघा, चोरानं स्वतःच करून दाखवलं. तू शिकवलंस हेसुद्धा कुणाला कळता कामा नये.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कारखान्यात आला. यंत्रासमोर उभा राहिला, थोडं इकडून तिकडे सरकला. दोनदा दिवा लागला. तिसऱ्या वेळी तो खोली ओलांडून गेला आणि दिवा लागला नाही. मालक खुर्चीतून उठायचे विसरले.

‘तू पाय टाकतेस,’ तो तिला म्हणाला. ‘टाकू नकोस. आधी अंगाचं ओझं या पायावरून त्या पायावर जाऊ दे. रिकामा झालेला पाय आपोआप मागून येतो. आणि समोरच्या भिंतीकडे बघू नकोस, तिकडे बघितलं की तुला पोचायची घाई होते. आत्ता जिथे आहेस तिथेच राहायचंय, असं समज.’

‘मग पोचणार कधी?’

‘पोचशील तेव्हा.’

तिला त्या उत्तराचा संताप आला, पण तो गिळून ती उभी राहिली. तो तिच्या मागे, तिच्या दंडाला दोन बोटं लावून. ती सुटायला लागली की बोटं घट्ट व्हायची. यापलीकडे त्या दिवसांत ते एकमेकांशी बोलले नाहीत. संशयाची गोष्ट तिच्या ओठांवर यायची, पण तो नुसता समोर पाहत राहिला की ती पुन्हा आत जायची. पण पाऊल हळूहळू वळणावर यायला लागलं. खटला उभा राहायच्या दोन दिवस आधी ती खोली ओलांडून भिंतीला टेकली, आणि दिवा विझलेलाच होता.

त्याच संध्याकाळी मालकांनी फौजदारांना गाठलं. यंत्र आमचं आहे, त्याचा दोष आम्हीच दाखवतो, एक सकाळ द्या, म्हणाले. फौजदार म्हणाले, ‘स्वतःच्या मालाची निंदा करायला आलेला व्यापारी मी पहिल्यांदाच बघतोय,’ आणि आले.

संग्रहालय बंद ठेवलेलं. पडदे, गरम हवा, सगळं चोरीच्या रात्रीसारखं. वावटळ नकाशांच्या उंच कपाटामागे जाऊन बसली. होकायंत्राच्या जागी कपाटात एक पितळी डबी ठेवली होती, ती उचलायची. बाहेरच्या खोलीत काचेच्या दारापाशी फौजदार, मालक आणि दादा. फौजदारांनी स्वतः किल्ली फिरवली आणि ती स्वतःच्या खिशात टाकली.

बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग कपाटाच्या कडेला तिचा खांदा दिसला, आणि नंतर खूप वेळ तो खांदाच दिसत राहिला. फौजदारांचा चहा आला, पिऊन झाला. त्यांनी जांभई दिली. पुन्हा पाहिलं तेव्हा ती कपाटापासून सुटली होती, पण ती हलताना काही त्यांना दिसली नाही. मालकांची नजर घंटेवरून हटत नव्हती. दादा मात्र फक्त तिच्या पायांकडे पाहत होता, आणि त्याची दोन बोटं मांडीवर मधूनच घट्ट व्हायची.

दालनाच्या मध्यावर तिच्या पोटरीत गोळा आला. तो आला हे बाहेरच्यांना कळलं ते तिच्या चेहऱ्यावरून. अंग हललं नाही. घामाचा थेंब नाकावरून ओठांवर आला, तोही तिनं तसाच येऊ दिला. तिला धावायचं होतं. जन्मभर जे केलं तेच एकदा करून मोकळं व्हायचं होतं. तिनं ओझं दुसऱ्या पायावर जाऊ दिलं.

ऊन खिडकीच्या या गजावरून त्या गजावर गेलं. तिचा हात होकायंत्राच्या कपाटाशी पोचला. त्याचं दार हलताना दिसलं नाही, फक्त बंद होतं ते उघडं झालं. पितळी डबी तिच्या मुठीत आली. घंटा गप्प होती.

‘पुरे,’ फौजदार काचेच्या दाराची वरची झडप उघडून म्हणाले. ‘तिथेच थांबा. एक विचारायचंय. हे चालणं तुम्हाला कुणी शिकवलं?’

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. मालकांनी, म्हणायचं की झालं. मालकसुद्धा मान डोलवायला तयार होते. पण काचेपलीकडे दादा होता, आणि त्याच्याबद्दल त्याच्यासमोर आपण एकदा बोललो आहोत, हे तिला आठवलं. तिनं तोंड मिटलं. काय व्हायचं ते होवो, या वेळी ती त्याच्या वतीनं बोलणार नव्हती.

दादा सावकाश उठला.

‘मी शिकवलं.’

मालकांनी डोळे मिटून घेतले.

‘म्हणजे तुम्हाला असं चालता येतं,’ फौजदार म्हणाले.

‘येतं.’

‘आणि किल्लीही तुमच्याकडेच होती. ती तुम्ही फिरवली नाहीत, हे कशावरून?’

दादानं विचार केला. फौजदार थांबले. वावटळही थांबली, आणि त्या थांबण्याइतकं कठीण काम तिनं त्या सकाळीसुद्धा केलं नव्हतं.

‘ते मला दाखवता येणार नाही, साहेब,’ दादा म्हणाला. ‘मी फिरवली नाही, एवढंच मी सांगू शकतो. पण किल्लीशिवाय जाता येतं, हे तुम्ही बघितलंत. ते लपवायचं असतं तर मी हिला शिकवलं नसतं, आणि आत्ता बोललोही नसतो.’

फौजदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘घंटा वाजली नाही, एवढाच तुमच्यावर आरोप होता,’ ते म्हणाले. ‘त्यात आता काही उरलं नाही. मी इथल्या साहेबांना तसं कळवतो. उद्यापासून कामावर या.’

तो चोर पुढे कधी सापडला नाही, होकायंत्रही नाही. मालकांनी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना जाऊन खरं काय ते सांगितलं, काहींनी यंत्र परत केलं, आणि मग गालिच्याखाली वजन ओळखणाऱ्या चटया घालायचं काम त्यांनी सुरू केलं. त्या चटया पुढे वावटळच बसवत असे. पण हे सगळं नंतरचं.

त्या क्षणी ती दालनात तशीच उभी होती. पाय लाकडासारखे झाले होते, एक पाऊल उचलवत नव्हतं. दादा काचेचं दार उघडून आत गेला आणि घंटा कानठळ्या बसवत वाजायला लागली. फौजदार खिसे चाचपत किल्ली शोधत राहिले. अखेर सापडली, घंटा थांबली. तोवर दादा तिच्याजवळ पोचला होता. त्यानं तिच्या आखडलेल्या मुठीतून डबी सोडवली.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘त्या दिवशी मला वाटलं होतं, तूच असशील.’

‘ठाऊक आहे मला.’

‘कधीपासून?’

‘तेव्हाच दिसलं मला तुझ्या तोंडावर.’

ती रडायला लागली. ‘मग तरी शिकवलंस कशाला?’

दादानं तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला, तिचं ओझं आपल्यावर येऊ दिलं, आणि नेहमीसारखा जरा वेळ घेऊन म्हणाला, ‘तुला चालता येत नव्हतं म्हणून.’